महासाथीच्या काळात कर्करोगाची शस्त्रक्रिया

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे घोषित केले. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण त्यापूर्वी दोनच दिवस, ९ मार्च रोजी, पुण्यात आढळले होते. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रेल्वेगाड्या आणि एस. टी. बसगाड्या थांबल्या, जिल्ह्यांच्या सीमांवर नाकेबंदी झाली, आणि साथीच्या रुग्णांसाठी खाटा, प्राणवायू व मनुष्यबळ उपलब्ध करून देणे हे सर्व रुग्णालयांपुढील पहिले काम ठरले. यासाठी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात, असे धोरण जगातील अनेक देशांनी स्वीकारले. मोतीबिंदूची किंवा गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया काही महिने लांबली तर रुग्णाला त्रास होतो, परंतु सहसा त्याच्या जिवावर बेतत नाही. कर्करोगाच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. शरीरातील गाठ टाळेबंदी पाळत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२० या वर्षासाठी देशात सुमारे १३ लाख ९० हजार नव्या कर्करुग्णांचा अंदाज वर्तविला होता. तोंड, स्तन, जठर, आतडे, फुप्फुस अशा अवयवांत गाठीच्या स्वरूपात उद्भवणाऱ्या कर्करोगांत शस्त्रक्रिया हा उपचाराचा प्रमुख आधार असतो. तेव्हा या रुग्णांचे काय करावयाचे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा होता, तितकाच प्रशासनाचाही होता. त्याचे उत्तर कसे शोधले गेले आणि त्यातून कोणता धडा मिळाला, हे समजून घेणे पुढील संकटाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

‘नियोजित’ म्हणजे ‘ऐच्छिक’ नव्हे

रुग्णालयांच्या व्यवहारात शस्त्रक्रियांचे दोन प्रकार मानले जातात. अपघात, फुटलेले आंत्रपुच्छ, अडलेले बाळंतपण यांसाठी तत्काळ केली जाणारी ती तातडीची शस्त्रक्रिया; आणि आधी तपासण्या करून, दिवस ठरवून केली जाणारी ती नियोजित किंवा ‘इलेक्टिव्ह’ शस्त्रक्रिया. कर्करोगाच्या बहुतेक शस्त्रक्रिया दुसऱ्या प्रकारात मोडतात. परंतु दिवस ठरवून केली जाते म्हणून ती केव्हाही केली तरी चालेल, असा अर्थ होत नाही. शासकीय आदेशातील ‘नियोजित शस्त्रक्रिया स्थगित कराव्यात’ हे वाक्य शब्दशः अमलात आणले, तर मोतीबिंदू आणि जठराचा कर्करोग एकाच यादीत जाऊन बसतात. अनेक ठिकाणी घोटाळा नेमका येथेच होण्याचा संभव होता.

विलंबाची किंमत किती, याचे गणित २०२० मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात मांडले गेले. शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक चार आठवड्यांच्या विलंबामागे मृत्यूचा धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. ही वाढ रुग्णाच्या मूळ धोक्याच्या प्रमाणात मोजावयाची असते. तीन महिन्यांच्या विलंबाचा हिशेब केला तर मूळ धोक्यात जवळजवळ एक पंचमांश ते एक चतुर्थांश इतकी भर पडते. याखेरीज काही रुग्णांची गाठ या अवधीत इतकी वाढते, की ती शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढता येण्याची संधीच निघून जाते.

दुसऱ्या बाजूचा धोका

शस्त्रक्रिया करण्यातही धोका होता आणि तो लहान नव्हता. पूर्ण भूल देताना रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातली जाते आणि श्वासोच्छ्वास यंत्राच्या साहाय्याने चालविला जातो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस फुप्फुसांचे कार्य मंदावलेले असते व शरीराची प्रतिकारशक्तीही घटलेली असते. त्याच सुमारास फुप्फुसांवर आघात करणारा विषाणू शरीरात असेल, तर दोन्ही आघात एकत्र येतात. ‘कोविडसर्ज’ या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २४ देशांतील २३५ रुग्णालयांमधील १,१२८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेच्या आसपास कोविडची लागण झालेल्या या रुग्णांपैकी २३.८ टक्के रुग्ण ३० दिवसांच्या आत मृत्यू पावले. निम्म्याहून किंचित अधिक रुग्णांना फुप्फुसांची गुंतागुंत झाली. पुरुष, सत्तरी गाठलेल्या व्यक्ती, इतर आजारांनी ग्रस्त असलेले आणि तातडीची किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांना अधिक धोका असल्याचे दिसून आले.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. येथे मोजलेले सर्व रुग्ण विषाणूची लागण झालेले होते. शस्त्रक्रिया झालेल्या सर्वच रुग्णांपैकी चौथा हिस्सा दगावला, असा त्याचा अर्थ नाही. तथापि भीतीच्या वातावरणात हा भेद पुसला जाणे सहज शक्य होते. खरा प्रश्न असा होता : शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर रुग्णाला लागण होऊच नये, अशी व्यवस्था उभी करता येईल काय ?

तिसरा धोका वैद्यकीय कर्मचाऱ्यांचा. विषाणूचे वास्तव्य नाक, घसा आणि श्वासमार्गात असते. श्वासनलिकेत नळी घालताना, गळ्याला छिद्र पाडून श्वासमार्ग तयार करताना किंवा जबड्याच्या हाडावर यंत्र चालविताना सूक्ष्म तुषार हवेत पसरतात. तंबाखूच्या व्यसनामुळे भारतात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. म्हणजे ज्या शस्त्रक्रियांची आपल्याकडे सर्वाधिक गरज, त्याच शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व परिचारिका यांच्या दृष्टीने सर्वांत जोखमीच्या ठरल्या.

परळ येथील निर्णय

मुंबईतील परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. देशाच्या कानाकोपऱ्यातून येथे रुग्ण येतात. कित्येक कुटुंबे उपचार संपेपर्यंत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा तशाच एखाद्या आश्रयस्थानी दिवस काढतात. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा यांतील अनेक रुग्ण मुंबईतच अडकले होते. अनेकांच्या उपचारांचा मधलाच टप्पा चालू होता.

मुंबई शहर त्या वेळी देशातील साथीच्या प्रमुख केंद्रांपैकी एक होते. असे असूनही रुग्णालयाने कर्करोगाच्या मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया बंद न करण्याचा निर्णय घेतला. सरसकट बंदी आणि नेहमीप्रमाणे कामकाज या दोन्ही टोकांच्या मधला हा मार्ग होता. त्याचे मर्म निवडीत होते.

निवड कशी केली जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या गटात असे रुग्ण येतात, की ज्यांचा आजार शस्त्रक्रियेने बरा होण्याची चांगली शक्यता असते आणि विलंब झाल्यास ती शक्यता नष्ट होते. तोंडाचा किंवा आतड्याचा कर्करोग ही त्याची उदाहरणे होत. रक्तस्राव होणारी किंवा आतड्याचा मार्ग अडविणारी गाठ तर थांबूच शकत नाही. दुसऱ्या गटातील रुग्णांना काही काळ पर्यायी उपचारांवर ठेवता येते. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या काही कर्करोगांत आधी संप्रेरकविरोधी गोळ्या देऊन, किंवा अन्य काही रोगांत आधी औषधोपचाराचे टप्पे पूर्ण करून शस्त्रक्रियेचा दिवस पुढे नेता येतो. तिसऱ्या गटात थायरॉइड ग्रंथीच्या अतिशय संथ वाढणाऱ्या काही कर्करोगांसारखे आजार येतात. त्यांत काही महिने थांबल्याने सहसा नुकसान होत नाही. याशिवाय रुग्णाचे वय, इतर व्याधी, लागणाऱ्या रक्ताचे प्रमाण आणि अतिदक्षता विभागात किती दिवस राहावे लागेल, हेही विचारात घ्यावे लागते. कारण त्या दिवसांत प्रत्येक कृत्रिम श्वसनयंत्राला दुसराही दावेदार असे. असा निर्णय एकट्या डॉक्टरवर न सोपविता शल्यचिकित्सक, औषधोपचारतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावयाचा असतो, म्हणजे तो न्याय्य ठरतो आणि त्याचा भार एकट्यावर पडत नाही.

प्रवेशद्वारापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत

सुरक्षित शस्त्रक्रियेची साखळी रुग्णालयाच्या प्रवेशद्वारापाशी सुरू होते. ताप, खोकला, अलीकडचा प्रवास आणि बाधित व्यक्तीशी आलेला संपर्क यांची चौकशी करणे ही पहिली चाळणी. रुग्णाबरोबर एकच नातेवाईक, सर्वांना मुखपट्टी, दोन खाटांमध्ये अंतर आणि बाधितांसाठी संपूर्णपणे स्वतंत्र मार्ग व कक्ष ही पुढची पायरी. ज्यांची भेट केवळ फेरतपासणीपुरती आहे, त्यांना दूरध्वनीवरून सल्ला देऊन गर्दी कमी करता येते. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र शासनाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केल्याने या पद्धतीला अधिकृत आधार मिळाला.

शस्त्रक्रियेपूर्वी विषाणूची तपासणी हा उपाय आता सर्वांना स्वाभाविक वाटतो. परंतु साथीच्या पहिल्या महिन्यात तपासणी संच अपुरे होते आणि लक्षणे नसलेल्यांची तपासणी सरसकट होत नव्हती. शिवाय घशातील नमुन्याची आरटीपीसीआर तपासणी शरीरात विषाणू असूनही काही वेळा नकारात्मक येऊ शकते. म्हणून तपासणीचा अहवाल हे अभयपत्र न मानता, लक्षणांची चौकशी, शस्त्रक्रियेपूर्वीचे विलगीकरण आणि कर्मचाऱ्यांची संरक्षक साधने या तिन्हींची जोड त्याला द्यावी लागते.

शस्त्रक्रियागृहातील शिस्तही बदलली. श्वासनलिकेत नळी घालताना आवश्यक तेवढीच माणसे खोलीत थांबतात. काम अनुभवी भूलतज्ज्ञाने, शक्य तेथे रुग्णाच्या तोंडापासून अंतर राखता येईल अशा दूरदर्शी उपकरणाने, करावयाचे असते. खोलीतील हवा पुरेशी बदलली जाईपर्यंत इतरांना आत प्रवेश नसतो. विद्युत् उपकरणाने ऊती कापताना निघणारा धूर आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेला वायू गाळणीतून बाहेर काढला जातो. कर्मचाऱ्यांच्या स्वतंत्र तुकड्या करून त्या आलटूनपालटून कामावर आणल्या, तर एका तुकडीत लागण झाली तरी संपूर्ण विभाग बंद पडत नाही. ही शेवटची योजना कागदावर सोपी दिसते. परंतु परिचारिका, सफाई कामगार, स्ट्रेचर वाहणारे कर्मचारी यांची राहण्याची व ये-जा करण्याची सोय लागल्याशिवाय ती चालत नाही. मुंबईत उपनगरी रेल्वे थांबल्यानंतर ही अडचण किती मोठी होती, याची कल्पना करता येईल.

४९४ शस्त्रक्रियांचा ताळेबंद

२३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या अवधीत टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाच्या ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यांचा अहवाल डॉ. शैलेश श्रीखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. यांपैकी ११७ रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वी कोविड तपासणी झाली होती, ३७७ रुग्णांची झाली नव्हती. ४२३ शस्त्रक्रिया, म्हणजे जवळजवळ ८६ टक्के, गुंतागुंतीच्या वरच्या श्रेणीतील होत्या. गंभीर स्वरूपाची गुंतागुंत २८ रुग्णांत, म्हणजे ५.६ टक्क्यांत, उद्भवली. शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. शस्त्रक्रियेनंतर २६ रुग्णांची कोविड तपासणी करावी लागली. त्यांत सहा जण बाधित निघाले. त्यांपैकी कोणालाही कोविडसाठी अतिदक्षता उपचारांची गरज भासली नाही आणि सर्व बरे झाले.

हे यश मोठे आहे. पण ते कोणत्या परिस्थितीत मिळाले, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रुग्णांचे मध्यक वय ४८ वर्षे होते आणि साठी ओलांडलेले केवळ १३ टक्के होते. दोनतृतीयांशाहून अधिक रुग्णांना कर्करोगाखेरीज अन्य मोठी व्याधी नव्हती. त्या काळात मुंबईतील साथ वाढत होती, परंतु शिखरावर पोचली नव्हती. शिवाय हे कर्करोगासाठीच वाहिलेले रुग्णालय होते. ज्या सर्वसाधारण रुग्णालयात कोविडचे अनेक रुग्ण दाखल आहेत आणि दोन्ही कामांसाठी तेच कर्मचारी आहेत, तेथे हाच निकाल आपोआप मिळेल, असे मानता येणार नाही. अहवालकर्त्यांनीही आपला निष्कर्ष भारतासारखा साथीचा कल असलेल्या प्रदेशांपुरता मांडला आहे.

जगाचा अनुभव

पुढील वर्षभरात मोठ्या प्रमाणावर गोळा झालेल्या माहितीने याच दिशेला पुष्टी दिली. ‘कोविडसर्ज’ गटाने ५५ देशांतील ४४७ रुग्णालयांमधील ९,१७१ कर्करुग्णांचा अभ्यास केला. ज्यांच्या शस्त्रक्रियेचा, अतिदक्षतेचा व वॉर्डातील मुक्कामाचा संपूर्ण मार्ग कोविडच्या रुग्णांपासून वेगळा होता, त्यांच्यात फुप्फुसांची गुंतागुंत २.२ टक्के आढळली. ज्यांचा मार्ग वेगळा नव्हता, त्यांच्यात ती ४.९ टक्के होती. लंडनमध्ये रॉयल मार्सडेनसह काही मोठ्या रुग्णालयांनी एकत्र येऊन कर्करोग शस्त्रक्रियांची सामाईक व्यवस्था उभारली, ती याच विचाराने.

कोविड होऊन गेलेल्या रुग्णावर केव्हा शस्त्रक्रिया करावी, याचे उत्तर ११६ देशांतील १ लाख ४० हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून मिळाले. लागण झाल्यानंतर पहिल्या सहा आठवड्यांत मृत्यूचा धोका वाढलेला होता. सात आठवड्यांनंतर तो लागण न झालेल्यांइतकाच झाला. अर्थात ही माहिती लसीकरणापूर्वीच्या काळातील आहे. भारतात १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले आणि पुढे विषाणूची रूपेही बदलली. त्यानंतर हा अवधी सरसकट न पाळता रुग्णागणिक ठरविण्याकडे तज्ज्ञांचा कल झाला.

शस्त्रक्रिया न झालेल्यांचे काय झाले ? ६१ देशांतील २०,००६ रुग्णांच्या पाहणीत, मध्यक २३ आठवड्यांचा पाठपुरावा केल्यानंतरही दहांपैकी एका रुग्णाची ठरलेली शस्त्रक्रिया झालेली नव्हती. पूर्ण टाळेबंदीच्या प्रदेशात हे प्रमाण १५ टक्के होते. सौम्य निर्बंधांच्या प्रदेशात ते एक टक्क्याहूनही कमी होते. टाळेबंदीने साथीचा वेग रोखला, यात शंका नाही. परंतु तिची किंमत कोणी मोजली, याचाही हिशेब ठेवला पाहिजे.

आपल्या देशातील चित्र

राष्ट्रीय कर्करोग ग्रिड ही २०१२ मध्ये स्थापन झालेली देशातील कर्करोग केंद्रांची साखळी आहे. तिच्यातील ४१ केंद्रांची मार्च ते मे २०२० मधील आकडेवारी आदल्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहण्यात आली. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० होत्या, त्या ८,६७७ झाल्या, म्हणजे जवळजवळ निम्म्याने घटल्या. किरणोपचारांतील घट मात्र २३ टक्क्यांपुरतीच राहिली. मोठ्या शहरांतील केंद्रांत घट अधिक होती.

यांतील सर्वांत चिंतेचा आकडा पहिला आहे. शस्त्रक्रियागृह कितीही सुरक्षित केले, तरी रुग्णालयाच्या दारापर्यंत न पोचलेल्या साठ हजार रुग्णांना त्याचा उपयोग नाही. त्यांपैकी काही जण नंतर आले असतील, काहींनी अन्यत्र उपचार घेतले असतील. परंतु त्या तीन महिन्यांत गावागावांत तोंडातील न भरणारे व्रण व स्तनातील गाठी तशाच राहिल्या, हे उघड आहे. वाहन नव्हते, हातात पैसा नव्हता, परवान्यासाठी कोठे जावे हे ठाऊक नव्हते आणि रुग्णालयात गेल्यास साथच लागेल, ही धास्ती होती.

गावपातळीवरील कर्तव्य

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले. पुढील साथ केव्हा व कशाची येईल, हे सांगता येत नाही. मात्र तिच्यासाठी करावयाची सिद्धता ठाऊक झाली आहे. ती केवळ मोठ्या रुग्णालयांनी करून भागणार नाही.

प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या दृष्टीने पहिली गोष्ट आदेशाच्या भाषेची. निर्बंध लागू करताना कर्करोगाचे उपचार, डायलिसिस व प्रसूती या सेवा नावानिशी वगळल्या, तर नाक्यावरील शिपायालाही निर्णय घेणे सोपे जाते. रुग्णालयाचे उपचारपत्र हाच प्रवासाचा परवाना मानावा आणि सोबतच्या एका नातेवाइकाला परतीच्या प्रवासाचीही मुभा असावी. जिल्ह्यातील एखादे रुग्णालय किंवा निदान एक स्वतंत्र विभाग साथीपासून अलिप्त ठेवून तेथे शस्त्रक्रिया चालू ठेवण्याची योजना आधीच आखलेली असावी.

ग्रामपंचायतीने आशा कार्यकर्ती व आरोग्य उपकेंद्र यांच्या साहाय्याने गावातील चालू उपचारांवरील कर्करुग्णांची यादी ठेवावी. रुग्णाची पुढील तारीख, रुग्णालयाचा दूरध्वनी व वाहनाची सोय एवढी माहिती त्यात असली तरी पुरे. रुग्णाचे नाव जाहीर न करता ती गोपनीय राखणे मात्र आवश्यक आहे. साथीच्या काळात रक्तदान शिबिरे थांबतात आणि मोठ्या शस्त्रक्रिया रक्तावाचून अडतात. तेव्हा लहान गटांत, अंतर राखून रक्तदान चालू ठेवणे ही गावाला सहज करता येण्याजोगी मदत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती राज्य शासनाने मे २०२० मध्ये सर्व नागरिकांपर्यंत वाढविली होती. अशा योजनेसाठी लागणारी कागदपत्रे आजाराआधीच तयार असली, तर संकटात धावाधाव होत नाही.

शिक्षकांच्या वाट्याला शंकानिरसनाचे काम येते. तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण, स्तनातील गाठ, पाळी बंद झाल्यानंतर होणारा रक्तस्राव, शौचावाटे रक्त, आवाजात दीर्घकाळ राहिलेला बदल ही लक्षणे साथ असो वा नसो, डॉक्टरांना दाखविलीच पाहिजेत. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांतून करण्याची योजना आहे. साथीत खंडित झालेली अशी तपासणी साथ ओसरताच पहिल्यांदा सुरू झाली पाहिजे.

परळच्या रुग्णालयातील ४९४ रुग्णांवर भर टाळेबंदीत उपचार झाले, ते निवड, शिस्त आणि कर्मचाऱ्यांचे धैर्य यांच्या बळावर. त्या शस्त्रक्रियागृहापर्यंतचा रस्ता मात्र गावाच्या वेशीपासून सुरू होतो, आणि तो उघडा ठेवण्याची जबाबदारी तहसील कार्यालयावर, आरोग्य केंद्रावर व ग्रामपंचायतीवर आहे.